रॉकेलसारखा वास

वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळवायला मला दवाखान्यात तीन खेपा घालाव्या लागल्या होत्या. साडेनऊची वेळ दिली होती. शाळेत रजा टाकली, वडिलांना स्कूटरवर मागे बसवलं आणि एकलहऱ्याहून नाशिकरोडला निघाले, तर रुळांवरचं फाटक बंद. कोळशाची मालगाडी येत होती.

मला घाम फुटला आणि वडील खूश! वीजनिर्मिती केंद्रात कोळसा उतरवून घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी गाडी आली की हे थांबणारच. कोथिंबीर आणायला पाठवावं, तर भाजी झाल्यावर घरी यायचे.

"बाबा, उतरू नका," मी म्हणाले. ते उतरलेच. काठी टेकत फाटकाशी जाऊन उभे राहिले. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, मग बघत काय होते कोण जाणे. गाडी माणसाच्या चालीने सरकत होती. मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते.

अचानक ते फाटकवाल्याच्या खोलीकडे वळले.

"जय भीम, बाबा," तो म्हणाला.

"जय भीम. आत्ता गेला त्या डब्यातला कोळसा तापलाय. पुढं फोन कर."

"धूर तर दिसत नाय."

"वास येतोय. रॉकेलसारखा. कोळसा आतून पेटायला लागला की असाच येतो."

"बाबा, चला आता!" मी ओरडले. "तुमची नोकरी संपली!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फाटकवाल्याने नाइलाजाने फोन केला आणि गाडी थांबली, ती नेमकी रस्ता अडवून. मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. गुलाबाच्या जुड्या भरलेल्या टेंपोचा ड्रायव्हर खाली उतरला. "कोणी थांबवली गाडी?"

वडिलांनी हात वर केला. "मी."

मला स्कूटर तिथेच टाकून पळून जावंसं वाटलं.

पुढून दोन कर्मचारी डबे चाचपत आले. एका डब्याला हात लावताच त्यातल्या एकाने तो झटकन मागे घेतला. मग फोनाफोनी झाली आणि पाणी मारायला गाडी सावकाश पुढे नेली. फाटक उघडेपर्यंत सव्वादहा वाजले होते.

दवाखान्यात पुढची तारीख मिळाली, पंधरा दिवसांनंतरची. बाहेर येऊन मी मनात साचलेलं सगळं ओकून टाकलं. "तुम्हाला घरच्यांपेक्षा गाड्या मोठ्या. आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हाही औषध आणायला म्हणून गेलात आणि फाटकावर उभे राहिलात!"

ते काठीशी चाळा करू लागले. मग म्हणाले, "त्या दिवशी गाडी नव्हती. घरी यायची हिंमत होत नव्हती."

पाच वर्षं मी तो राग धरून बसले होते. मी चिडूनच म्हणाले, "मग तेव्हा सांगायचं ना!"

"तू विचारलं कुठं?"

हेही खरंच होतं आणि त्याचाच जास्त संताप आला. तरी समोरच्या गाड्यावरून दोन चहा घेतले. त्यांचा कप त्यांच्या हातात नीट दिला आणि शेजारच्या बाकावर बसले. पंधरा दिवसांनी ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "किती वाळलीस गं!"