भोंग्यावर गेलेला गोल

मी गोलकीपर झालो त्यात कर्तबगारी काही नव्हती. मला धावता येत नसे. कॉलेजातल्या हॉकीच्या सरांनी पहिल्या दिवशी मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत हात वर केला. "बास रे बाबा. तुझ्या पायाला पॅड बांधतो आणि गोलात उभा करतो. निदान पडलास तर चेंडूच्या वाटेत तरी पडशील." पुढं बऱ्याच सामन्यांत चेंडू माझ्यावर आपटून परत गेला, बघणाऱ्यांना वाटलं मी अडवला, आणि अशा रीतीनं मी विद्यापीठाच्या संघात जाऊन पोचलो.

सकाळी कॉलेज, दुपारी पिंपरीतल्या एका कंपनीत सेकंड शिफ्ट. फिटिंग खात्यात टेंपररी. टेंपररी म्हणजे सहा-सात महिने काम, मग 'ब्रेक'. घरी बसायचं आणि बोलावणं येईल का म्हणून गेटवरच्या बोर्डाकडे चकरा मारायच्या. असल्या माणसाला काळेवाडीत खोली देताना लोक दहादा विचार करत. मुलगी द्यायला मात्र विचार करावा लागत नसे, सरळ नाहीच म्हणत.

माझे मिस्त्री चऱ्होलीचे. रोज सायकलवर येत, तुकाराम बीजेलासुद्धा खाडा नसे. कामाला वाघ, युनियनला त्याहून. त्यांचा एकच धर्म होता. "भोंगा झाला की हत्यार खाली. त्येच्याम्होरला एक घाव बी कंपनीला फुकट द्यायचा न्हाई. लढून मिळवलंय आमी हे." मी नवा होतो, उत्साही होतो. भोंगा झाल्यावरही हातातली कानस लोखंडावर दोन-चारदा फिरवायचो, साहेबानं बघावं म्हणून. मिस्त्री पोलादी पट्टी माझ्या बोटांच्या पेरांवर हाणायचे. कानस खाली पडायची. असं पुष्कळ दिवस चाललं. शेवटी पट्टीची गरज उरली नाही. भोंग्याचा पहिला 'भों' कानात शिरला की माझी बोटं आपोआप उघडायची. मिस्त्री मान डोलवायचे. "आता झालास कामगार."

गावच्या जत्रेला त्यांनी मला घरी जेवायला नेलं. त्यांच्या मुलीनं वाढलं. मी पुरुषार्थ दाखवायला ठेचा जास्त घेतला आणि नाकाडोळ्यातून पाणी गाळत बसलो. ती तांब्या माझ्यापुढं ठेवून ओट्याकडे वळून हसली. तेवढंच. त्या हसण्यावर मी पुढचं वर्षभर जगलो. मिस्त्रींना काय कळायचं ते कळलं असावं, कारण एके दिवशी व्हाइसवर जॉब आवळता आवळता ते म्हणाले, "पोरगा वाईट न्हाईस तू. बावळट हाईस, पर ते चालतंय. परमनंट हो, मग घरी ये बोलायला. टेंपररीला म्या माझी पोर देणार न्हाई."

"आणि परमनंट नाही झालो तर?"

"तर जत्रेला ये की. जेवायला कुणी नको म्हनलंय?"

त्याच हिवाळ्यात अखिल भारतीय आंतरविद्यापीठ हॉकीचे सामने आमच्याकडे आले. विद्यापीठाचं मैदान खणून ठेवलेलं, म्हणून कंपनीनं आपलं मैदान दिलं. कारखान्याच्या भिंतीला लागूनच होतं ते. कंपनीच्या वेल्फेअर ऑफिसरांना हॉकीचं वेड. आम्ही एकेक फेरी पार करत सेमीफायनल जिंकलो (चेंडू दोनदा माझ्या गुडघ्यावर आपटला), तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क खुर्ची दिली. "कंपनीची टीम उभी करायचीय मला. गोलकीपर घरचा असला तर बरं. फायनल घ्या, दुसऱ्या दिवशी तुझी परमनंटची ऑर्डर टाइप करायला देतो."

मी बाहेर आलो तो थेट मिस्त्रींकडे. त्यांनी ऐकून घेतलं, चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "बघाया येतो."

फायनलला समोर उत्तरेकडचं विद्यापीठ. ती पोरं कंपनीच्या कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये उतरलेली. त्यांचा सेंटर फॉरवर्ड डोंगराळ मुलखातला, लालबुंद गालांचा. आदल्या दिवशी चहा पिताना तो सांगत होता, की त्यांच्याकडे थंडीत तळं गोठतं आणि कॉलेजची पोरं बर्फावरच हॉकी खेळतात. आमच्यातला एक जण म्हणाला, "आमच्याकडे राव बर्फ फक्त रसवंतीत." सगळे हसले. मी विचारलं, त्यावर पडत कसे नाही? तो म्हणाला, पडतो तो, जो मध्येच थांबतो. चलते रहना, भाई. मी मान हलवली. मला काय, मला गोलात नुसतं उभं राहायचं होतं.

आतापर्यंतचे सगळे सामने शिफ्ट बदलायच्या आधी आटोपलेले. ही गोष्ट महत्त्वाची होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. फायनलला पाहुणे बोलावले होते. ते उशिरा आले. मग हार, मग हस्तांदोलन, मग खेळातून चारित्र्य कसं घडतं यावर भाषण. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मी कंपाउंडच्या बाजूला बसलेल्या माणसांत मिस्त्रींची टोपी शोधत होतो. सापडली. सेकंड शिफ्टची जवळजवळ सगळी माणसं तिथं डबे मांडीवर घेऊन बसली होती. खेळाडूंना गेटवर उशिरा कार्ड पंच करायची सवलत होती, त्यांना नव्हती.

सामना सुरू झाला. मी आयुष्यात तसा खेळलो नव्हतो आणि नंतर तर प्रश्नच आला नाही. या वेळी चेंडू माझ्यावर आपटत नव्हता, मी खरोखर अडवत होतो. एक चेंडू तर मी आडवा पडून काठीनं बाहेर काढला. कंपाउंडकडून आरोळी आली, "भले रे!" मिस्त्रींचा आवाज. कोपर सोलून निघालं होतं आणि मी मनातल्या मनात चऱ्होलीला मांडव घालत होतो.

उत्तरार्ध. गोल कुणाचाच नाही. तो लालबुंद गालांचा गडी मधल्या रेषेवरून चेंडू घेऊन निघाला. आमचा एक बचावपटू चुकवला, दुसरा चुकवला. मी वाकलो, काठी जमिनीला लावली.

आणि भोंगा झाला.

मी काय केलं ते मला नंतर लोकांनी सांगितलं. मी सरळ उभा राहिलो. काठी व्यवस्थित गोलाच्या खांबाला टेकवून ठेवली, खाली पडू नये म्हणून जरा तिरकी. उजव्या हातातला ग्लोव्ह काढला आणि पॅडवर हात पुसले. तेवढ्यात मागं गोलाच्या फळीवर धाडकन आवाज झाला.

मी मागं वळून पाहिलं तर चेंडू जाळीतून हळूहळू परत येत होता. समोर पाहिलं तर कंपाउंडकडची सगळी माणसं पाठमोरी. भोंगा झाला तशी ती उठली होती, चड्ड्या-पँटी झटकून गेटकडे निघाली होती. त्यांच्यातल्या कुणी गोल पाहिलाच नाही. भोंग्यावर कारखान्याची सगळी माणसं थांबली होती, मी धरून. ज्याच्या उभ्या जन्मात भोंगा नव्हता तो तेवढा धावत राहिला होता.

सर मैदानाबाहेरून ओरडत होते, पण काय ते कळत नव्हतं. उरलेला वेळ आम्ही कसाबसा खेळलो. शेवटी हात मिळवताना त्या फॉरवर्डनं माझा हात सोडला नाही. "भाई, तू रुक क्यों गया?" त्याच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती, खरंच कळून घ्यायचं होतं त्याला. गोठलेल्या तळ्याच्या माणसाला पोलादी पट्टी कशी समजवायची?

वेल्फेअर ऑफिसर जाताना माझ्याजवळ क्षणभर थांबले. "शिस्त चांगली आहे तुझी," म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कधीही खुर्ची दिली नाही.

पॅड सोडून, कपडे बदलून मी शिफ्टला गेलो. न जाऊन काय करणार, टेंपररीला रजा नसते. खात्यात गेलो तर मिस्त्री वाट बघत असल्यासारखे कामाच्या बाकाशी उभे. चेहरा उजळलेला.

"काय, जिंकलाव न्हवं?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते गेटवर कार्ड पंच करत होते तेव्हा माझं आयुष्य फळीवर आपटलं होतं. मला वाटलं, खोटं सांगावं. एक शिफ्ट तरी जावई म्हणून त्यांच्याशेजारी काम करावं. पण माझ्या थोबाडाला तेवढंही जमलं नाही.

"हरलो. एक गोल बसला."

"कवा?"

"भोंग्याला."

"म्हंजी?"

"भोंगा झाला, मिस्त्री. मी काठी ठेवून दिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं, पेरांकडे. आजूबाजूच्या दोघा-तिघांना हसू आवरेना, एक जण म्हणाला, "अरं भावा, कार्ड पण पंच करून यायचं न्हाई का गोलातनं!" मिस्त्री हसले नाहीत. "काम कर," एवढंच म्हणाले.

आम्ही दोघं एकमेकांशेजारी घासत राहिलो. संध्याकाळी जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. माझी कानस बाकावर पडली. माणसं डबे घेऊन निघाली. मिस्त्री घासतच राहिले. मान खाली, ओठ आवळलेले, कानस पुढं-मागं, पुढं-मागं. कंपनीला ते फुकट काम देत होते. मी दोनदा हाक मारली, "मिस्त्री, भोंगा झाला." त्यांनी वर पाहिलं नाही. त्या दिवशी आमचे दोघांचेही डबे तसेच राहिले.

पुढं माझा ब्रेक आला आणि बोर्डावर पुन्हा नाव लागलं नाही. उन्हाळ्यात मिस्त्रींच्या मुलीचं लग्न झालं. मुलगा भोसरीकडे परमनंट. मिस्त्रींनी आमंत्रण द्यायला स्वतः काळेवाडीपर्यंत सायकल मारली आणि खोलीच्या दारातच उभे राहून म्हणाले, "ये. आन येणार नसशील तर तसं सांग, म्या रागावणार न्हाई." मी गेलो. पंगतीत वाढपी ठेचा घेऊन आला तेव्हा मी पानावर हात आडवा धरला.

आता मी भोसरीतच एका छोट्या वर्कशॉपात आहे. इथं भोंगा नाही. रुळाचा एक तुकडा टांगलाय, सुट्टी झाली की त्यावर हातोडीनं टोला द्यायचा. जुना माणूस म्हणून ते काम माझ्याकडे. हातोडी उचलतो, आणि टोला द्यायच्या आधी उगीचच मागं वळून बघतो, कोण काय करतंय, कुणाचं काही अर्धवट तर नाही. त्यात वेळ जातो. पोरं कुरकुरतात, "काका, मारा की राव लवकर." मालक मात्र खूश असतो, रोज थोडं काम फुकटात होतं त्याचं. मिस्त्रींनी पाहिलं असतं तर पोलादी पट्टी घेऊन आले असते.