संग्रहालयातला शनी

झाशीत शनिवारी लक्ष्मी गेटकडून जाताना शनीच्या देवळातल्या तेलाचा वास आला, की इथलं अंतराळ संग्रहालय आठवतं. ग्रहांचं वेड मला लहानपणापासूनच. घरातली पहिली पदवीधर झाल्यावर मला भौतिकशास्त्र शिकायला ग्वाल्हेरला जायचं होतं, पण आई अडून बसली होती, "तुला शनीची साडेसाती चालू आहे, तेवढी संपू दे." तेवढ्यात संग्रहालय उघडलं आणि मी तिला हट्टाने तिथे नेलं. गार, अंधाऱ्या दालनात शनीची भलीमोठी प्रतिकृती संथ फिरत होती. आईने झटकन चपला काढून हात जोडले. "माताजी, ये मंदिर नहीं है," तिथला कर्मचारी हसला. मी ओशाळले. आईने उलट त्यालाच विचारलं, "भैया, ये सच में ऐसे ही हैं?" "हां जी, दूरबीन से बिल्कुल ऐसे." ती त्या सोनेरी कड्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिली. "किती देखणा आहे गं, आणि आम्ही जन्मभर घाबरत राहिलो." बाहेर आल्यावर म्हणाली, "जा तू ग्वाल्हेरला. हाच बोलावतोय म्हटल्यावर मी कोण अडवणार?" पुढे तिकडे दुर्बिणीतून खरा शनी दिसला, तेव्हा माझे हात आपोआप जुळले. आजही जुळतात, आईसाठी.