ओला पायजमा

अमरावतीच्या ज्या पाळणाघरात मी काम करते, त्याची नोंदणी नव्यानं करायची होती. त्यासाठी आम्हा सगळ्या बायांना ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं झालं. रविवारी सकाळी घरूनच मोबाइलवर वर्ग भरायचा. कॅमेरा चालू ठेवायचा, चेहरा दिसला तरच हजेरी. आमच्या मॅडमनी बजावून सांगितलं होतं, "एकीचंही प्रमाणपत्र राहिलं तर नोंदणी अडकेल."

बारावीनंतर मी कुठल्या वर्गात बसले नव्हते. म्हणून हौसही वाटत होती. भिंतीचा पोपडा दिसू नये म्हणून मागं धुतलेली चादर लावली, लग्नाकार्याला नेसायची साडी नेसले.

घरात माझे सासरे होते. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. दर्यापूरकडे त्यांची भाजीची वाडी होती. उभा जन्म वांगी-मिरच्या विकण्यात गेला. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले आणि हल्ली त्यांना लघवीवर ताबा राहत नव्हता. नवरा कामानिमित्त आठवडाभर अकोल्याला असतो, त्या रविवारीही तिकडंच होता. त्यामुळं कपडे बदलायचं काम माझ्याकडं आलं. सुनेला कसं सांगावं, म्हणून मामाजी दाराशी येऊन नुसतं खाकरायचे. मी समजून उठायची.

त्या दिवशी शिकवणाऱ्या पुण्याच्या बाईंनी मला विचारलं, "ताई, लहान मुलानं चड्डी ओली केली, तर तुम्ही काय करता?"

हे तर माझं रोजचं काम. मी म्हटलं, "सगळ्यांसमोर बोलत नाही. हळूच बाजूला नेते. त्याला लाज वाटू देत नाही."

"अगदी छान! सगळ्यांनी ऐकलं ना?"

एवढ्यात दाराशी खाकरणं ऐकू आलं. बाई मलाच पुढचं विचारत होत्या, म्हणून मी मान वळवली नाही. पुन्हा खाकरले. मग मामाजी आतच आले. कमरेपासून खाली पायजमा ओला, पायाखाली थेंब गळत होते. ते थेट माझ्या शेजारी, मोबाइलसमोर येऊन उभे राहिले.

मी त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना मागं लोटलं. "थांबा ना जरा! दिसत नाही का तुमाले? लाज कशी वाटत नाही?"

माइक चालू होता. पडद्यावरच्या चौकटीत एकजण हसली. एकीनं तोंडावर पदर घेतला. पाळणाघरातल्या सगळ्या जणी तिथंच होत्या, मॅडमसुद्धा.

मामाजींनी मोबाइलकडं वाकून पाहिलं. एवढ्या बाया आपल्याकडं पाहताहेत हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. "माफ करजा बाई. चुकी माही हाये. तिले काही म्हणू नका."

"ताई, आधी बाबांकडं बघा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "हजेरीचं मी पाहते."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मामाजींना न्हाणीत नेलं, अंग पुसलं, कपडे बदलले.

त्यानंतर ते दाराशी येईनासे झाले. दोन-तीन दिवसांनी गादीखाली पिळून ठेवलेला पायजमा सापडला. स्वतःच धुवत होते.

पाळणाघरात कोणी विषय काढला नाही. माझ्याशी सगळ्या नेहमीपेक्षा गोड बोलायला लागल्या, ते जास्त लागायचं. एका दुपारी मुलं झोपल्यावर, माझ्याबरोबर काम करणाऱ्या आपांनी विचारलं, "ससुरजीले काही बोलली का मंग?"

"सासऱ्याले माफी कशी मागू, आपा?"

"काहून? लेकराले तर रोज सॉरी म्हणतेस."

संध्याकाळी घरी चहा घेऊन मामाजींजवळ बसले. म्हटलं, "मामाजी, त्या दिवशी मी लई वाईट बोलली. माफ करा."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग विचारलं, "तुले कामावरून काढलं तं नाही ना?"

"नाही. पास झाली मी."

"मंग बरं. मले तेच भ्याव वाटून राहिलं होतं. माह्यामुळं तुही रोजी गेली म्हनून."

इतके दिवस ते माझीच काळजी करत होते. मी चहाचे कप उचलून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आता मीच जाऊन विचारते, "मामाजी, कपडे बदलायचे का?" ते भिंतीकडं तोंड करून म्हणतात, "नाही, कोरडे हायेत." वास येत असतो. मी खरं मानल्यासारखं करते, धुतलेला पायजमा त्यांच्या उशाशी ठेवते आणि दार ओढून घेऊन बाहेर थांबते.