आनंदाबाईच्या पावलाएवढी गाडी

हिंगणघाटच्या हमरस्त्यावर डोमाजी मिस्त्रीचं कमानीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिना, एक ऐरण आणि समोर कंबर खचलेला एखादा ट्रक. चाकांवरच्या कमानीचे लोखंडी पाटे ओझ्यानं सपाट झाले की ते ठोकून पुन्हा वाकवायचे, वर एखादा पाटा चढवायचा आणि गाडी उंच करायची, हेच डोमाजीनं तीस वर्षं केलं. कापसाचे ट्रक त्याच्या हातून छाती काढून निघत. माणूस स्वतः मात्र बुटका. त्याची बायको आनंदाबाई त्याच्याहून वीतभर उंच, पण हे तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती.

एकोणऐंशी साली एक विलायती जोडपं मोटारीसकट दुकानासमोर येऊन थांबलं. दोघांत केस कोणाचे लांब, यावर गल्लीत दोन दिवस वाद चालला. मोटारीचं इंजिन बसलं होतं. आत मात्र निजायला बिछाना, चहाची शेगडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. जोडप्यानं ती डोमाजीच्या गळ्यात मारली आणि रेल्वेनं निघून गेलं. आठ महिने खपून डोमाजीनं तिच्यात जीव आणला.

दुपारी जेवण झालं की तो त्या बिछान्यावर आडवा व्हायचा. पडदे हलायचे. रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज हळूहळू पाण्यासारखा व्हायचा, आणि डोळा लागता लागता त्याला दिसायचं ते एकच : मोटार आपोआप चालली आहे, दोन्ही बाजूंनी पांढरीशुभ्र पऱ्हाटी मागे सरकते आहे, आणि आनंदाबाई खिडकीशी बसली आहे, पदर वाऱ्यावर सोडून.

"तुह्या नवऱ्यानं दुसरं घर केलं वो," शेजारच्या प्रमिलाबाईनं आनंदाबाईला बातमी दिली. "भर दुपारी पडदे लावून पडून राह्यते!"

"पडू दे. घोरते तं तिकडंच घोरू दे."

हसली ती, पण तिचं मन त्या घरात नव्हतंच. मार्गशीर्ष लागला होता. गल्लीतल्या बाया दरसाल वणा नदीच्या काठावर, आंबराईत, रोडगे करायला जात. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे कसे भाजायचे ते साऱ्याजणींना आनंदाबाईनं शिकवलं, आणि गेली चार वर्षं तीच घरी. डावा गुडघा वाकत नव्हता. बसस्टँडवर एकदा स्टुलावर पाय ठेवून चढायला गेली तर स्टूल निसटलं आणि अख्ख्या स्टँडानं पाहिलं. तेव्हापासून स्टूल नाही, खोका नाही, कोणाचा हात नाही.

"मोटारीत चल," डोमाजी म्हणाला.

"मोटार काय जमिनीवर हाय? माडीच हाय ते."

डोमाजीनं तिला भिंतीशी उभं केलं. "उचल पाय. किती उचलते ते पाहू दे मले."

पाय उचलला गेला तो वीत आणि चार बोटं. तिथं त्यानं भिंतीवर कोळशानं रेघ मारली. मोटारीचं दार दोन विती उंच. म्हणजे जन्मभर गाड्या उंच करणाऱ्याला पहिल्यांदाच गाडी खाली आणायची होती, आणि तीही घरच्या सामानात.

भंगारातून त्यानं लहान चाकं आणली. चार बोटं खाली आली. पुढचे-मागचे दोन-दोन पाटे काढून टाकले. उरलेले भट्टीत घातले असते तर लोखंडाचं पाणी उतरून ते मऊ पडलं असतं, म्हणून थंडच ठोकून त्यांचा बाक कमी केला. मग रिवाजाप्रमाणे कापसाच्या जिनिंगमधून सरकीची दहा पोती आणून आत रचली आणि दोरीनं उंची मोजली. कोळशाच्या रेघेला तंतोतंत! त्यानं आनंदात पोती परत केली आणि घरी सांगितलं, "उद्या रोडग्याले चालजो."

दुसऱ्या दिवशी सारी गल्ली बघायला जमली. आनंदाबाई नवं लुगडं नेसून आली, पाय उचलला, आणि पाय दाराखालच्या पत्र्याला लागला.

डोमाजीच्या आता ध्यानात आलं. तीस वर्षं त्यानं प्रत्येक गाडी भरून मोजली होती. रिकामी गाडी त्याच्या लेखी गाडीच नव्हती. आणि सरकी उतरताच ही मोटार पोरीसारखी टाचा उंचावून उभी राहिली होती.

आनंदाबाईनं पाय खाली घेतला. पदर सावरला आणि घराकडे वळली. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"अवं थांब! पोती आणतो मी!"

"सरकी खायाले नेता का रोडग्यासंगं?"

बाया हसल्या. डोमाजी हसला नाही. त्याची नजर हसणाऱ्या प्रमिलाबाईवर ठरली आणि तिथून हलेना.

"असे काय पाहून राह्यले भाऊजी?"

"तुमी बसा बरं आत."

"मी?"

"बसा तं!"

प्रमिलाबाई बसली. मोटार दोन बोटं खाली आली. कोणी हसलं, कोणी टाळी वाजवली. मग सुमित्राबाई चढली, मग पाठोपाठ कणकेची परात, वांग्यांची टोपली, गोवऱ्यांचं पोतं आणि आणखी सहाजणी. एकेक बाई आत गेली की डोमाजी दोरी लावायचा. मोटार एखादी गाय बसावी तशी सावकाश खाली येत गेली.

"आता ये," तो म्हणाला.

आनंदाबाईनं पाय उचलला. वीत आणि चार बोटं. कोणाचाही हात न धरता ती आत गेली आणि खिडकीशी बसली.

कमी पाट्यांची मोटार पाळण्यासारखी झुलत निघाली. गल्लीच्या कुचाळक्या पुलापर्यंत चालल्या, मग एकेकीचे डोळे मिटू लागले. प्रमिलाबाईसुद्धा गप्प झाली, यावर पुढं कोणाचा विश्वास बसला नाही. मागे पऱ्हाटी सरकत होती, पांढरीशुभ्र. आरशात डोमाजीला वाऱ्यावर सुटलेला पदर दिसला, आणि आपण बिछान्यावर आहोत की चाकाशी, हे त्याला क्षणभर कळेना.

आंबराईत पोचल्यावर त्यानं ओरडून सांगितलं, "कोणी हालू नका! पहिले ते उतरंल!"

दिवस कलताना पुन्हा तीच रांग लागली. सगळ्याजणी बसल्या, आनंदाबाई शेवटी. तिनं पाय सकाळइतकाच उचलला आणि तो दाराच्या पत्र्याच्याही वरून गेला.

"काऊन वो, दार खाली कसं आलं?"

डोमाजीनं दोरी लावून पाहिली. पुरी दोन बोटं.

"या बायायनं रोडगे किती खाल्ले ते इच्यार," तो म्हणाला.