पाणी न पिणाऱ्या बायका

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये भीमराज मुनेश्वरांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हा त्यांची मैत्रेयी सातवीत होती. बोटं गेल्याचं दुःख घरात होतंच, पण पोरीच्या डोक्यात जाऊन बसलं ते वेगळंच. मिलच्या कागदावर लिहिलं होतं, ‘कामगार दारूच्या नशेत होता.’ भीमराजांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. मशीनच्या पट्ट्यावर जाळी बसवलेली नव्हती, हे खरं कारण. ते कोणी लिहिलंच नाही.

“लिवनारा त्याइचा, कागद त्याइचा,” भीमराज म्हणाले. “बोटं तेवढे आपले होते.”

मैत्रेयीने तेव्हाच ठरवलं की लिहिणारं आपण व्हायचं. यवतमाळला बीएस्सी केलं, नागपूरला औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा केला आणि लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सूतगिरणीत सेफ्टी ऑफिसर म्हणून ती रुजू झाली. पहिली दोन वर्षं ती फक्त जाळ्यांसाठी भांडली. फिरणारा एकही पट्टा, एकही चाक उघडं ठेवू द्यायची नाही. कामगार तिला ‘जाळीवाली मॅडम’ म्हणायचे. चौदा वर्षांत गिरणीत एकाचंही बोट गेलं नाही. याबद्दल तिला कोणी शाबासकी दिली नाही, आणि तिने ती मागितलीही नाही.

मग एक दिवस पुण्याच्या हेड ऑफिसातून पत्र आलं. मैत्रेयीचं पद आता ‘सुरक्षा व स्वास्थ्य व्यवस्थापक’. पगार तोच. पत्रापाठोपाठ अक्षय नावाचा तिशीचा अधिकारी आला. त्याने ‘आनंदी कामगार’ नावाचा कार्यक्रम आणला होता. दर सोमवारी दहा मिनिटं हास्ययोग. गेटजवळ एक फळा, त्यावर हसरा, मख्ख आणि रडका असे तीन चेहरे. आत येताना कामगाराने आपला चेहरा निवडून त्याखाली ठिपका चिकटवायचा. सुपरवायझर शेजारीच उभा असायचा, म्हणून बहुतेक ठिपके हसऱ्याखाली.

“बघा मॅडम, ब्याण्णव टक्के आनंदी,” अक्षय म्हणाला.

मैत्रेयीला हसावं की फळा उचलून रस्त्यावर भिरकावावा, कळेना. पण घरी जाताना तिच्या मनात आलं, पदात ‘स्वास्थ्य’ हा शब्द घातलाय ना यांनी? मग विचारूच दे बायकांना.

दुसऱ्या दिवसापासून ती डब्याच्या सुटीत बायकांच्या पंगतीत बसायला लागली. सूत कातणाऱ्या रिंग फ्रेम खात्यात दिवसपाळीला दोनशेच्या आसपास बायका. यंत्राच्या लांबलचक रांगेवर सूत तुटलं की पळत जाऊन धागा जोडायचा, आठ तास उभ्याने. सूत तुटू नये म्हणून हवेत ओल सोडलेली असते, त्यामुळे आत कायम दमट उकाडा. पहिले चार दिवस कोणी बोललं नाही. पाचव्या दिवशी मानीबाईने तोंड उघडलं. मानीबाई तांड्यावरची, पन्नाशीची, जिभेला लगाम नसलेली.

“तुमी पुसून राह्यल्या म्हून सांगतो. आमी पानीच पेत नाई.”

“काहून?”

“पेलं का जा लागते. अन् जायाले बिल्ला लागते. सुपरवायझरच्या टेबलावर एकच बिल्ला हाय पितळी. एक बाई आली का दुसरी जाईन. दोनशे बायका अन् एक बिल्ला! म्हून सकाळी घरून निघतानी एक घोट, मंग घरी जाईस्तोर बंद.”

बाकीच्या बायका माना खाली घालून भाकर मोडत होत्या. मैत्रेयी उठली आणि बायकांच्या संडासाकडे गेली. तीन होते. एकात तुटक्या खुर्च्या भरून कुलूप ठोकलेलं, दुसऱ्याला कडी नाही, तिसऱ्यात पाणी नाही. चौदा वर्षं ती या गिरणीत होती. तिच्यासाठी ऑफिसच्या इमारतीतला फरशी बसवलेला संडास होता, म्हणून इकडे तिचं पाऊलच कधी पडलं नव्हतं. त्या दिवशी तिला सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःचा.

तिने पंधरा दिवसांत अकरा पानांचा अहवाल लिहिला. किती जणींना लघवीची जळजळ, किती जणींना मुतखडा, पाळीच्या दिवसांत कोण कोण खाडा करते. कायद्याचं कलम घातलं, फोटो जोडले. तो घेऊन ती फॅक्टरी मॅनेजर बाबाराव गावंडे यांच्या केबिनमध्ये गेली. अक्षयही तिथे होता.

गावंडेंनी तिसऱ्या पानावर कागद मिटले. “मॅडम, संडास हे बांधकाम खात्याचं काम. तुमच्याकडे स्वास्थ्य आहे.”

“साहेब, लघवी तुंबवणं हे कोणाच्या खात्यात येतं?”

“भाषा सांभाळा.”

अक्षय मध्ये पडला. “मॅडम, हे फार नकारात्मक होतंय. आपला भर मानसिकतेवर आहे. बायकांना आपण पाणी पिण्याचं महत्त्व सांगू या. एक छान पोस्टर करू.”

आणि खरोखर पोस्टर लागलं. हसणारी बाई, हातात काचेचा ग्लास, खाली ‘रोज आठ ग्लास पाणी, आरोग्याची गुरुकिल्ली’. ते कुलूप लावलेल्या संडासाच्या दारावरच चिकटवलं. मैत्रेयीने ते नखांनी खरवडून काढलं. नखाखाली रक्त आलं तरी थांबली नाही.

मे महिना लागला. यवतमाळचं ऊन पत्र्यावर आदळत होतं आणि खात्यात श्वास घेणं जड झालं होतं. सोळा तारखेला दुपारी दोनच्या सुमारास आर्णीकडची संगीता यंत्रासमोर उभ्या उभ्या कोसळली. पडताना गालफड लोखंडी चौकटीवर आपटलं. मैत्रेयी धावली तेव्हा संगीता शुद्धीवर नव्हती आणि बायका ओढण्यांनी वारा घालत होत्या. गाडी मिळायला वीस मिनिटं लागली, कारण गिरणीची गाडी अक्षयला बडनेऱ्याच्या स्टेशनवर सोडायला गेली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी गाल शिवला, रक्त तपासलं आणि मैत्रेयीला बाहेर बोलावलं. “ही बाई पाणी पीत नाही का? किडनीला सूज आहे. एक तर बरीच निकामी झालेली दिसते. हे काही आजचं नाही.”

संध्याकाळी गावंडेंनी अपघाताचा फॉर्म समोर सरकवला. कारणाचा रकाना आधीच भरलेला होता. ‘कामगार उपाशीपोटी कामावर आली. स्वतःचा निष्काळजीपणा.’ सही तेवढी बाकी.

मैत्रेयीने तो रकाना दोनदा वाचला.

“हे कोणी लिहिलं?”

“कोणी का लिहीना. सही करा, तिचा दवाखान्याचा खर्च मी काढून देतो.”

“ती डबा खाऊन उठली होती. माझ्या शेजारी बसून. कांद्याची भाजी होती.” मैत्रेयीचा आवाज चढला. “माझ्या बापाला तुमच्यासारख्याच एकाने दारुडा ठरवलं होतं साहेब. तेव्हा मी सातवीत होते. आता नाही.”

तिने ओळ खोडली आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘संडासाला जाऊ न दिल्यामुळे कामगार पाणी पीत नव्हती.’ खाली सही केली, शिक्का मारला, त्याचा फोटो काढला आणि गावंडेंच्या देखत सरकारी कारखाना निरीक्षकाला पाठवला. सोबत ती अकरा पानंही.

एवढ्यावर ती थांबली असती तर कदाचित प्रकरण कागदातच राहिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरच्या टेबलावर तो बिल्ला पुन्हा दिसला आणि तिचं डोकं फिरलं. धोका दिसला तर यंत्र थांबवायचा अधिकार सेफ्टीवाल्याला असतो. तो तिने चौदा वर्षांत दोनदाच वापरला होता. साडेदहाला तिने रिंग फ्रेम बंद करायला लावल्या. एवढा मोठा आवाज एकदम थांबला तशा बायका भांबावून बघायला लागल्या.

“चला सगळ्या. पाणी प्या आधी, पोटभर. मग माझ्यामागून या.”

दोनशे बायका ऑफिसच्या इमारतीत शिरल्या. तिथे चार संडास, वापरणारी सात माणसं. जिन्यापर्यंत रांग लागली. गावंडे केबिनमधून तरातरा बाहेर आले.

“हे काय लावलंय?”

“स्वास्थ्याचा कार्यक्रम आहे साहेब,” मैत्रेयी म्हणाली. “माझ्या खात्याचा.”

“मशीनं बंद आहेत! नुकसान कोण भरणार?”

रांगेतून मानीबाई म्हणाली, “साहेब, बाजूले व्हा. मले लय घाई हाय.”

पहिल्यांदा कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा जिना हसला. तो हास्ययोग नव्हता.

मैत्रेयीला त्याच दिवशी कारणे दाखवा नोटीस मिळाली. आठवड्याने निरीक्षक आले, त्यांनी संडास पाहिले, फोटो जुळवले आणि गिरणीला दणका दिला. दिवाळीच्या आत आठ नवे संडास झाले. नळाला पाणी आलं, बिल्ला गेला. पण मैत्रेयीची वार्षिक पगारवाढ अडली आणि तिच्या हाताखालचे दोघं काढून घेतले. भीमराजांना हे कळलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, “तू लिवलेल्या त्या कागदाची एक झेराक्स मले पाठव.”

संगीता कामावर परत आली नाही. एका किडनीवर आहे, उन्हात उभं राहायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. भरपाईची केस यवतमाळला चालू आहे आणि गिरणीचा वकील दर तारखेला ‘उपाशीपोटी’ हाच शब्द उच्चारतो. मैत्रेयी दर तारखेला रजा टाकून साक्षीला जाते. गेल्या तारखेला संगीता म्हणाली, “मॅडम, मले वाटलं व्हतं मीच नाजूक हावो.”

जानेवारीत हेड ऑफिसच्या मासिकात नव्या संडासांचा रंगीत फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘आनंदी कामगार उपक्रमाचं यश’, आणि नाव अक्षयचं. मैत्रेयीने मासिक मिटून बाजूला टाकलं आणि खात्यात गेली. तिने मानीबाईला हाक मारली. मानीबाईने वळून पाहिलं नाही. मैत्रेयीने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा ती अगदी जवळ जाऊन ओरडली, तेव्हा कुठे मानीबाई दचकून फिरली.

“किती दिवसांपासून ऐकू येत नाही?” मैत्रेयीने तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

“या मशीनीपाशी आल्यापासून कमी कमीच होऊन राह्यलं, आवाजानं. सगळ्याइचंच असं हाय.”

मैत्रेयीने खिशातून पेन काढला. “सगळ्या म्हणजे कोण कोण? नावं सांग.”