जुळणारी सही

लेकीच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर पाठीकडून चुन्याचा पट्टा उठला होता. बुधवारी मी तो घासून काढला, गुरुवारी पुन्हा तसाच. भिंतीला घासत चालतेस का गं, म्हणून मी तिला झापलं. संध्याकाळी ती पोटऱ्यांना तेल लावून दे म्हणाली. चौथीतल्या पोरीच्या पोटऱ्या कशाने दुखाव्यात, हे खोदून खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं. दोन दिवस ती वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी होती. मधली सुट्टी सोडली तर पहिल्या तासापासून शाळा सुटेपर्यंत. आईची खोटी सही केली म्हणून.

सही मीच केली होती. माझ्या हाताने, हैदराबादेत कुकटपल्लीच्या आमच्या घरात, पिकोच्या मशीनवर वही ठेवून.

गृहपाठ होता आईच्या बालपणावर एक पान लिहायचा. वर आईचं नाव, खाली आईची सही. लेक वही घेऊन आली आणि तू लहानपणी काय करायचीस म्हणून विचारू लागली. लग्नाला अकरा वर्षं झाली, इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाची साडी तशीच मशीनवर सोडून मी सांगत बसले. नारायणगुड्यातल्या आमच्या दोन खोल्या, गच्चीवरची लंगडी, आणि दर रविवारी सायकलवर पुढे बसवून मला अफझलगंजच्या लायब्ररीत नेणारे वडील. तिथे दारातच एक रजिस्टर असे. त्यात नाव लिहून सही करायची. वडील मलाही करायला लावत. पहिल्या अक्षराला खालून मोठा वळसा आणि शेवटी दोन टिंबं, अशी माझी मराठीतली सही त्या रजिस्टरात ठरली. एकदा ठरली की सही बदलायची नाही, असं वडिलांनी बजावून सांगितलं होतं.

लग्नात नावच बदललं. आमच्याकडे अजून बदलतात. त्यात थोरल्या नणंदेचं नाव माझंच निघालं, म्हणजे मग बोलायचीही सोय नव्हती. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, बायकांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं, मी वाचलं आणि सगळे हसले. पुढे सासऱ्यांनी रेशनकार्डावर तेच घातलं, त्यावरून आधार निघालं, आणि लेकीच्या शाळेच्या फॉर्मवरही तेच गेलं. त्या नावाची माझी इंग्रजीतली सही सरळसोट आहे, बँकेत चालते.

पण लंगडी खेळणारी आणि रजिस्टरात सही करणारी मुलगी त्या नावाची नव्हतीच ना. म्हणून पानावर वर माहेरचं नाव लिही, असं मीच लेकीला सांगितलं. खाली सही करताना हात आपसूक जुन्या वळणावर गेला. दोन टिंबंसुद्धा दिली. खरं सांगते, मला फार मजा वाटली. तिला वाटली नसावी, कारण तिने एकदा विचारलं होतं, चालेल ना. न चालायला काय झालं, म्हणून मी तिला उडवून लावलं.

वर्गातल्या टीचरने ते पान शाळेच्या डायरीतल्या माझ्या सहीशी ताडून पाहिलं. नाव वेगळं, सही वेगळी, लिपीसुद्धा वेगळी. सगळ्या वर्गासमोर तिने लेकीला विचारलं, हे तुझ्या आईचं नाव आहे का. लेक म्हणाली, पहिले होतं, आता नाही. वर्ग हसला. पोरगी उद्धटपणा करते असं टीचरला वाटलं. मी आईची खोटी सही केली, अशी एक ओळ इंग्रजीत लिहून आण, मग वर्गात बस, असा हुकूम झाला. लेकीने ती ओळ लिहिली नाही. केलीच नाही तर कसं लिहू, एवढंच ती मला म्हणाली. दोन दिवस तिने घरीही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी शाळेत जाऊन भांडले असते. पोरगी मला ओळखून आहे.

शुक्रवारी मी गेलेच. माझं तेलुगू भाजी घेण्यापुरतं. राग आला की तेही विसरते आणि मी हिंदीवर येते, तीही आमची हैदराबादी. टीचर तरुण होती, वाईट नव्हती. पण गेल्याच महिन्यात एका मुलाने बापाची सही मारली होती आणि त्याच्या आईने मीच केली म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून तिचा आयांवरचा विश्वास उडाला होता. मी आवाज चढवला. तिने मला प्रिन्सिपल मॅडमकडे नेलं.

मॅडमनी शांतपणे सगळं ऐकलं. नाव बदलल्याचा काही कागद आहे का, असं विचारलं. काय दाखवणार होते मी? ताटातले तांदूळ? कागद नव्हताच कधी. मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या की तुमचीच सही आहे ना, मग आत्ता करा.

लेक दारात उभी होती. मी पेन घेतलं. वळसा सुरू केला आणि हात थरथरायला लागला. घरी मशीनवर जी सही हसत हसत झाली होती, ती तिथे येईना. वळसा अर्ध्यातच मोडला, टिंबं भलतीकडे पडली. दुसऱ्यांदा केली तर आणखीच बिघडली. मॅडमनी लेकीची वही आणि माझा कागद शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मॅच नहीं होरा, अम्मा," त्या म्हणाल्या. आवाजात कीव होती, आणि तीच मला जास्त झोंबली.

मी तिथे रडले. मला रडायचं नव्हतं. मी आई आहे हो हिची, असं काहीतरी बोलत राहिले, कोणत्या भाषेत ते आठवत नाही. मॅडमनी पाणी मागवलं. सोमवारपासून परीक्षा आहेत, तोवर एखादा जुना कागद आणा, नाहीतर मुलीला ती ओळ लिहू द्या, त्याशिवाय मी तिला वर्गात बसवू शकत नाही, असं त्यांनी सांगितलं. दारात पाहिलं तर लेक माझ्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती.

नवरा कामावरून आल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, एक ओळ तर आहे, लिहून टाकू दे. तुझं नाव बदललं नव्हतं ना कुणी, असं मी त्याला म्हणाले. तो जेवत राहिला.

दहावीच्या हॉलतिकिटावर फोटोखाली माझी सही होती, हे मला आठवलं. तीच, वळशाची. शनिवारी सकाळी नारायणगुड्याला भावाकडे गेले. आईवडील गेल्यावर भावाने त्याच गल्लीत पुढे घर घेतलं होतं. माझे कागद आईच्या लोखंडी पेटीत असायचे. भाऊ आधी नवऱ्यासारखंच बोलला, एवढ्यासाठी कशाला आलीस, म्हणून. मग भावजयीनेच सांगितलं की घर बदलताना पेटीतल्या कागदांना वाळवी लागलेली दिसली, सगळे रद्दीत गेले.

"आम्हाला काय माहीत ताई, तुम्ही कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. खरंच मी कधी विचारलं नव्हतं.

तिने जेवायला थांबवलं, पण मी दोन घास खाऊन उठले. तिथून निघाले ती घरी न जाता अफझलगंजला उतरले. आता सांगताना लाज वाटते, पण मी त्या लायब्ररीच्या दारात जाऊन पंचवीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर मागितलं. दारावरच्या म्हाताऱ्याने मला नीट न्याहाळलं. इतने पुराने रजिस्टर कौन रखता, असं तो म्हणाला, आणि बसायला सांगितलं. मला चक्कर येतेय असं त्याला वाटलं असावं.

मी आतल्या बाकावर बसले. पिशवीत गिऱ्हाइकांच्या मापांची वही होती, तिच्या मागच्या पानावर सही करत राहिले. पहिल्या पाच-सहा कुणा परक्या बाईच्या वाटत होत्या. मग हळूहळू वळसा सैल झाला. दहाव्या-बाराव्या खेपेला ती आली. अगदी तशीच आली, टिंबांसकट. मला इतका आनंद झाला की त्या म्हाताऱ्याला जाऊन दाखवावीशी वाटली. रविवारभर मी घरात जिथे बसेन तिथे सही गिरवत होते. वर्तमानपत्राच्या कडेला, दूधवाल्याच्या चिठ्ठीवर. सोमवारी मॅडमसमोर शंभर वेळा करून दाखवेन, मग बघू कशी मॅच होत नाही.

सोमवारी सकाळी लेकीच्या दोन वेण्या घालत होते. एक झाली आणि तिने दप्तरातून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. पानावर ती ओळ होती. सुरेख अक्षरात, पट्टीने खाली रेघ मारलेली. त्याखाली पालकांच्या सहीसाठी जागा सोडलेली होती.

मी तिला म्हणाले, हे फाडून टाक, आज मी येते तुझ्याबरोबर. आता येते गं मला, हे बघ. तिच्याच पेन्सिलने वर्तमानपत्रावर सही करून दाखवली. तिने वाकून पाहिली.

"मस्त आली," ती म्हणाली. "पण त्यांना ती नको आहे, आई."

मी म्हणाले की त्यांना काय हवं ते मी बघते. दुसऱ्या वेणीचे केस माझ्या हातात तसेच होते.

"तू परत तिथं रडशील," ती म्हणाली. "डायरीतली कर ना. ती जुळती."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. इतके दिवस उभी राहिलीस, पाय सुजवून घेतलेस, आणि आता लिहितेस, असं म्हणायचं होतं. पण ती इतके दिवस ज्याच्यासाठी उभी राहिली होती, ते तिने माझ्यासाठी सोडलं होतं, हे मला कळत होतं. घड्याळात सव्वाआठ झाले होते, रिक्षावाला खाली हॉर्न देत होता. मी वही मशीनवर ठेवली आणि सही केली. सरळसोट, बँकेतली. हात जरासुद्धा थरथरला नाही.

लेकीने डायरी काढली, दोन्ही सह्या शेजारी ठेवून बोट लावून पाहिल्या, मॅडमनी पाहिल्या होत्या तशा.

"हौ, जुळली," ती म्हणाली, आणि दप्तर बंद केलं.

त्या दिवशी तिला वर्गात बसवलं. घरातल्या सगळ्या कागदांत माझी खोटी म्हणावी अशी एकच सही आहे, ती त्या ओळीखालची, आणि तिच्यावर कुणी शंका घेतली नाही. हे मला आजही सोसत नाही. संध्याकाळी लेक आली, तेव्हा तिचा शर्ट पाठीकडून स्वच्छ होता. मी तो तरीही धुवायला घेतला.