देवदूतानं नेलेले पत्रे

बागेतल्या बाकावर मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचे दोन तरुण प्रचारक हमरीतुमरीवर आले होते. त्यांच्या धर्मग्रंथातली नगरं नेमकी कुठं होती, यावरून.

"मध्य अमेरिकेतच!" एक म्हणाला.

"छे! उत्तरेला, मोठ्या सरोवरांपाशी," दुसरा म्हणाला.

मी मध्येच विचारलं, "ज्यांवर ग्रंथ कोरला होता, ते सोन्याचे पत्रे कुठायत?"

"देवदूतानं परत नेले, काका," दोघं एकदम म्हणाले. मग माना खाली घालून त्यांनी एकत्र प्रार्थना केली आणि एकाच डब्यातून पोळी-भाजी खाऊ लागले.

माझा नुसता जळफळाट झाला. ज्यांच्या हाती पुरावाच नाही, त्यांचं इतकं जमावं? एका ताम्रपटाच्या काळावरून मी आणि माझा संशोधक मित्र असेच भांडलो होतो. तो ताम्रपट संग्रहालयात काचेमागे शाबूत आहे. मित्र मात्र मला पाहिलं की रस्ता ओलांडतो.